पासवर्ड बदलला, तरी जुगाराची जाहिरात परत का आली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शनिवार पेठेतल्या एका लहान प्रकाशन संस्थेची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, आहे. पुस्तकांची यादी, लेखकांची ओळख, दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी आणि थोडी ऑनलाइन विक्री, एवढा तिचा पसारा. महिन्याभरापूर्वी एका वाचकाने फोन करून सांगितलं की मोबाइलवर गूगलमधून साइट उघडली की जुगाराचं पान येतं. कार्यालयात उघडून पाहिली, तर साइट ठणठणीत. साइट करून देणाऱ्या मुलाने पासवर्ड बदलले, एक विचित्र फाइल सापडली ती उडवली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मुलगा म्हणतो होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) खराब, होस्टिंगवाले म्हणतात तुमचा कोड खराब. संस्थेचं काम पाहणाऱ्या बाईंनी विचारलंय की हे कोड इंजेक्शन म्हणजे नेमकं काय, ते शिरलं कुठून आणि आता करायचं काय. शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय की २०१६ साली दिवाळी अंकासाठी केलेली एक वेगळी साइट त्याच होस्टिंगवर अजून पडून आहे.

ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याकडे येतेच.

आधी तुमची काळजी ज्यामुळे वाढली ते. वाचकाला दिसलं आणि तुम्हाला दिसलं नाही, याचा अर्थ वाचकाचा मोबाइल बिघडलाय असा नाही. आत शिरलेला कोड पाहुणा कोण आहे ते बघून वागतो. लॉग-इन केलेला माणूस असेल तर गप्प बसतो. थेट पत्ता टाकून आलेला असेल तरी गप्प. गूगलवरून आलेला, मोबाइलवरचा आणि त्या दिवशी पहिल्यांदाच आलेला असेल, तरच त्याला जुगाराच्या पानावर ढकलतो. साइटच्या मालकाला शेवटी कळावं, अशीच ही रचना असते. त्यामुळे घरचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, ब्राउझरच्या खासगी खिडकीत, गूगलमध्ये संस्थेचं नाव शोधून तिथून आत जा. बहुतेक तुम्हालाही दिसेल.

पासवर्ड फुटला असेल हा अंदाज मात्र मला पटत नाही. पासवर्ड फुटून चोरी होते, नाही असं नाही. पण पासवर्ड बदलल्यावर आठ दिवसांत तोच कोड परत आला, म्हणजे येणाऱ्याला पासवर्ड लागतच नव्हता. एक तर तो आत दुसरं दार करून गेलाय, नाही तर ज्या भोकातून आला ते अजून उघडं आहे. अठरा वर्षं पुण्यात लहान प्रकाशकांच्या, शाळांच्या आणि नाट्यसंस्थांच्या साइट सांभाळते आहे. अशा वेळी बहुतेकदा दोन्ही खरं निघतं.

आता कोड इंजेक्शन म्हणजे काय ते सांगते, आणि ते छापखान्याच्या भाषेत सांगितलं तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

हस्तलिखितावर लेखकाचा मजकूर निळ्या-काळ्या शाईत असतो आणि संपादकाच्या सूचना समासात लाल शाईत: 'इथून नवा परिच्छेद', 'हे ठळक टाइपात'. कागद एकच. सूचना कुठली आणि मजकूर कुठला, हे खिळे जुळवणारा शाईच्या रंगावरून ओळखायचा. कधी गफलत व्हायची आणि 'इथून नवा परिच्छेद' हे शब्दच पुस्तकात छापून यायचे. सूचना मजकूर म्हणून छापली गेली, वाचक हसले, विषय संपला. आता उलटी गफलत डोळ्यांसमोर आणा. लेखकाने स्वतःच लाल पेन हातात घेतलं आणि आपल्या गोष्टीच्या मधोमध लिहिलं, 'पुढची चार पानं गाळा आणि गोदामाची किल्ली हे हस्तलिखित आणणाऱ्याला द्या.' जुळाऱ्याने लाल शाई पाहिली, संपादकांची सूचना समजला आणि मुकाट्याने किल्ली दिली. कोड इंजेक्शन ते हेच. बाहेरच्या माणसाने मजकूर म्हणून दिलेली गोष्ट आतल्या यंत्राने हुकूम म्हणून पाळली.

साइटमध्ये असे तीन जुळारी बसलेले असतात. पहिला डेटाबेस, त्याला एसक्यूएल भाषेत हुकूम द्यावे लागतात. दुसरा वाचकाचा ब्राउझर, तो एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट वाचतो. तिसरा सर्व्हरवरचा, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकावरचा पीएचपी, ज्यात वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला ही सगळी प्रकाशनाची सॉफ्टवेअर लिहिलेली आहेत. प्रत्येकाची लाल शाई वेगळी. डेटाबेसला एकेरी अवतरणचिन्ह दिसलं की मजकूर संपला असं वाटतं. ब्राउझरला 'पेक्षा लहान' हे गणितातलं चिन्ह दिसलं की टॅग, म्हणजे त्याच्यासाठीची सूचना, सुरू झाला असं वाटतं. पीएचपीला तर फाइलच्या नावाचा शेवट पीएचपी असला एवढंच पुरतं, की आतला कोड हुकूम. म्हणून 'आम्ही आत येणारा मजकूर एकदा स्वच्छ करून घेतो' असं कुणी म्हणालं की मी विचारते, तिघांपैकी कुणासाठी? एकासाठी निरुपद्रवी असलेलं अक्षर दुसऱ्यासाठी हुकूम असतं. मजकूर ज्याच्या हातात द्यायचा, त्या दारातच त्याला त्या जुळाऱ्याच्या दृष्टीने बांधून द्यावा लागतो.

पहिल्या जुळाऱ्याचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले. २००९ साली एका साप्ताहिकासाठी वर्गणीदार शोधण्याचा फॉर्म लिहिला होता. रकान्यात आडनाव टाकायचं, यादी यायची. मी ते आडनाव जसंच्या तसं एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवत होते. चार वर्षं एकदाही फॉर्म अडला नाही. कारण जोशी, शेख, गायकवाड, कांबळे, कुलकर्णी यांतल्या एकाही नावात अवतरणचिन्ह नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये डी-नंतर ते चिन्ह टाकणारा एखादा डिसूझा पहिल्या आठवड्यात आला असता, आणि पुढे सांगते ते दुसरं झाकण मधे नसतं, तर वाक्य मधेच तुटलं असतं, पडद्यावर चूक दिसली असती आणि मी सावध झाले असते. देवनागरी नावांनी माझी चूक झाकून ठेवली. मराठीत साइट करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. आपल्या नेहमीच्या नावांनी केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. रकान्यात मुद्दाम अवतरणचिन्ह टाकून बघा.

दुसरं झाकण होतं पीएचपीचंच. त्या काळी मॅजिक कोट्स नावाची सोय होती. बाहेरून आलेल्या मजकुरातल्या अवतरणचिन्हापुढे ती आपोआप तिरकी रेघ मारायची, म्हणजे डेटाबेस फसायचा नाही. २०१२ मध्ये आलेल्या पीएचपी ५.४ मधून ती काढून टाकली, आणि योग्यच केलं, कारण लोक तिच्यावर विसंबून निष्काळजी झाले होते. माझ्यासारखे. २०१३ मध्ये साप्ताहिकाने होस्टिंग बदललं, नवीन सर्व्हरवर पीएचपी ५.४ होतं, आणि माझा कोड त्या रात्रीपासून उघडा पडला. तीन महिन्यांनी वर्गणीदारांचे पत्ते भलत्याच ठिकाणी फिरताना दिसले. मी संपादकांसमोर बसून सांगितलं की चूक होस्टिंगची नाही, माझी आहे. तुमच्याकडे आत्ता होस्टिंग विरुद्ध कोड असा जो वाद चाललाय तो ऐकताना मला ते टेबल आठवलं.

उपाय साधा आहे आणि जुना आहे. हुकूम एका कागदावर द्यायचा, त्यात जागा मोकळ्या सोडायच्या, आणि मजकूर वेगळ्या लखोट्यात द्यायचा. लखोट्यात कितीही लाल शाई असली तरी जुळारी तिला मजकूरच समजतो. याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. वर्डप्रेसमध्ये त्याच हेतूची प्रिपेअर नावाची सोय आहे, ती वापरतात. एखाद्या प्लगिनच्या, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या सॉफ्टवेअरच्या, कोडमध्ये बाहेरून आलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवलेला दिसला, तर ते प्लगिन मी त्याच दिवशी काढते, मग ते कितीही उपयोगी असो.

दुसऱ्या जुळाऱ्याची, म्हणजे ब्राउझरची गोष्ट मराठी लोकांनी जास्त लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. एप्रिल २०१५ मध्ये यौको प्युन्नोनेन या फिनलंडच्या संशोधकाने वर्डप्रेसमधली एक खोट दाखवली. वाचकाची प्रतिक्रिया डेटाबेसच्या ज्या रकान्यात जाते, त्याची मर्यादा ६५,५३५ बाइट. प्रतिक्रिया आली की वर्डप्रेस ती तपासायचं, निर्धोक आहे म्हणायचं आणि डेटाबेसकडे द्यायचं. डेटाबेस मर्यादेपुढचा भाग काही न बोलता कापून टाकायचा. म्हणजे तपासला गेला तो पूर्ण मजकूर, आणि साठवला गेला तो तुटलेला. अख्खा असताना जो टॅग निरुपद्रवी होता, तो शेपूट तुटल्यावर हुकूम झाला. मालकाने ती प्रतिक्रिया वाचायला उघडली, की ती स्क्रिप्ट त्याच्याच ब्राउझरमध्ये, त्याच्याच अधिकाराने चालायची. आणि मालकाच्या अधिकारात काय येतं? वर्डप्रेसमध्ये बसल्या जागी थीमची, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या भागाची, फाइल संपादित करता येते. स्क्रिप्टने तिथे जाऊन पीएचपीच्या चार ओळी लिहिल्या की दुसऱ्या जुळाऱ्याकडून तिसऱ्याकडे उडी पूर्ण. एका प्रतिक्रियेतून अख्खा सर्व्हर. ४.२.१ ही दुरुस्त आवृत्ती लगेच आली.

आता यातला मराठीचा भाग. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, तीन-तीन बाइट घेते. त्यामुळे तोच रकाना इंग्रजीत पासष्ट हजार खुणांचा आणि मराठीत २१,८४५ खुणांचा. मर्यादा इंग्रजी अक्षरं मोजून ठरवणाऱ्या प्लगिनमध्ये मराठी मजकूर तिप्पट लवकर कापला जातो. 'लेखाचा शेवट गायब झाला' अशी तक्रार माझ्याकडे आली की मी तो किरकोळ दोष समजत नाही. तपासणीनंतर मजकूर बदलतोय, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचं लक्षण आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जूमलामध्ये मोठी खोट निघाली, तिच्या हल्ल्यातही डेटाबेसच्या याच कापाकापीचा उपयोग करून घेतला होता.

तिसऱ्या जुळाऱ्याबद्दल, पीएचपीबद्दल, सगळ्यात जास्त बोलायला हवं, कारण तुमच्याकडे जे दिसतंय ते इथलं आहे. बाहेरच्या माणसाची पीएचपी फाइल एकदा सर्व्हरवर आली आणि ब्राउझरमधून तिचा पत्ता उघडता आला, की पुढे काही उरत नाही. ती फाइल म्हणेल ते सर्व्हर करतो. प्रश्न फक्त ती येते कशी.

२०११ चं उदाहरण घ्या. टिमथंब नावाची छोटी फाइल चित्रं लहान-मोठी करायची. शेकडो थीममध्ये ती आतच घातलेली असायची, साइटच्या मालकाला तिचं नावही माहीत नसायचं. ती बाहेरच्या साइटवरूनही चित्र आणायची, पण फक्त ओळखीच्या साइटवरून. ओळख पटवायची पद्धत मात्र अशी की ओळखीच्या साइटचं नाव पत्त्यात कुठेही सापडलं की झालं. म्हणजे दारावरच्या माणसाला सांगितलंय 'जोशींच्या माणसाला सोडा' आणि 'जोशींच्या शेजारी राहणारा चोर' असं सांगणारालाही तो सोडतोय, कारण वाक्यात जोशी आहे. चोराने ओळखीचं नाव पुढे लावलेलं स्वतःचं ठिकाण तयार केलं, तिथे चित्राऐवजी पीएचपी ठेवली, आणि टिमथंबने ती आणून उघड्या फोल्डरमध्ये ठेवून दिली. मार्क मॉन्डर यांना स्वतःच्याच ब्लॉगमध्ये घुसखोरी झाल्यावर हे सापडलं.

नऊ वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, फाइल मॅनेजर नावाच्या प्लगिनमध्ये काय झालं बघा. त्यात दुसऱ्यांची एक तयार लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरली होती. लायब्ररीबरोबर नमुन्याची एक फाइल येते, तिच्या नावाचा शेवट मुद्दाम असा ठेवलेला की ती चालू नये. प्लगिन करणाऱ्यांनी ते शेपूट काढून तिला चालणारी फाइल केली आणि तशीच ठेवली. विचारणा नाही, लॉग-इन नाही, कुणीही यावं आणि फाइल चढवावी. सात लाखांहून जास्त साइटवर ते प्लगिन होतं. ६.९ आवृत्तीत दुरुस्ती झाली.

दोन्हींत वर्डप्रेसचा गाभा, म्हणजे प्लगिन आणि थीम सोडून उरलेलं मूळ सॉफ्टवेअर, निर्दोष होता. गाभ्यातही खोट निघते, नाही असं नाही. पण त्यावर अनेकांची नजर असते आणि २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतात. प्लगिनचं तसं नाही. ती आपोआप अद्ययावत करण्याचं बटण ५.५ मध्ये, ऑगस्ट २०२० मध्ये आलं, आणि तेही कुणीतरी दाबावं लागतं. तुमची २०१६ ची दिवाळी अंकाची साइट आठवा. तिचा गाभा कदाचित स्वतःला ठिगळं लावत बसला असेल, पण प्लगिन आणि थीम २०१६ मध्येच गोठलेली आहेत. त्यांत त्यानंतर जाहीर झालेली प्रत्येक खोट तिथे तशीच उघडी आहे. आणि होस्टिंगचं खातं एक असल्यामुळे त्या साइटमध्ये चालणारा पीएचपी तुमच्या चालू साइटच्या फाइलींवर सहज लिहू शकतो. मागच्या खोलीची खिडकी उघडी ठेवून पुढच्या दाराचं कुलूप बदलल्यासारखं हे झालंय. मुलाने पुढच्या साइटमधली फाइल उडवली, मागच्या साइटमधून ती आठ दिवसांनी परत लिहिली गेली. पुरावा हाती येईपर्यंत खात्रीने म्हणणार नाही, पण पैज लावायची वेळ आली तर मी यावर लावेन.

'आमच्यासारख्या लहान संस्थेच्या मागे कोण लागेल' असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या मागे कुणी लागलेलं नाही. दुरुस्ती जाहीर झाली, की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून भोक कुठे होतं ते कुणालाही दिसतं, आणि मग यंत्रं ओळीने सगळ्या साइटची दारं ठोठावत सुटतात. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधली एसक्यूएल इंजेक्शनची खोट जाहीर झाली, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा गटानेच सांगितलं की घोषणेनंतर सात तासांत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. सात तास म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेचार. सकाळी चहा घेऊन अपडेट बसवणारा माणूस उशिरा आला होता. म्हणून लहान सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसू द्याव्यात या मताची मी आहे. अपडेटने एखाद दिवस साइटची मांडणी बिघडेल, ती निस्तरता येते.

आता काय करायचं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण घाईत पुरावा पुसला जातो.

काहीही उडवण्याआधी दोन्ही साइटच्या सगळ्या फाइली आणि डेटाबेस यांची जशीच्या तशी प्रत काढून वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि होस्टिंगवाल्यांकडून ॲक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी काय उघडून गेलं याच्या नोंदी, मागा, आजच. स्वस्त होस्टिंगवर ते काही दिवसांतच पुसले जातात. लेखी मागा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि साइट विद्रूप होणं, अनधिकृत प्रवेश अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत. तुमच्याकडून ती मुदत उलटली आहे, तरी कळवा. वाचकांची नावं-पत्ते तुमच्याकडे आहेत, ही गोष्ट मुलाच्या आणि होस्टिंगच्या भांडणापेक्षा मोठी आहे.

मग साइट बंद ठेवा. 'दुरुस्तीचं काम चालू आहे' असं एक साधं पान लावा. विक्री तर नक्कीच थांबवा. कार्डाचे आकडे तुमच्याकडे साठत नसले, पेमेंट गेटवेकडे जात असले, तरी तुमच्या पानात शिरलेली स्क्रिप्ट ग्राहकाला गेटवेऐवजी भलत्याच पानावर नेऊ शकते.

तपासणी करताना संशयास्पद काय दिसतंय हे डोळ्यांनी शोधत बसू नका, मूळ प्रतीशी ताडून बघा. मुद्रितं तपासताना तुम्ही हस्तलिखित शेजारी ठेवता तसंच. आज्ञा टाइप करून चालवायचं वर्डप्रेसचं साधन एका आज्ञेत गाभ्याची प्रत्येक फाइल मूळ प्रतीशी ताडून देतं, अधिकृत संग्रहातल्या प्लगिनचीही. विकत घेतलेल्या थीमसाठी ही सोय नाही. तिथे विक्रेत्याकडून ताजी प्रत घ्या आणि जुनी अख्खी बदला. आणि थीम कुठल्यातरी 'फुकट प्रीमियम' साइटवरून घेतली होती का, हे मुलाला शांतपणे विचारा. तसं असेल तर भोक शोधायची गरज नाही, घुसखोर पाहुणा म्हणूनच घरात आलाय.

डोळ्यांनी का नाही, त्याचं एक उदाहरण. गेल्या वर्षी नारायण पेठेतल्या एका मासिकाची साइट तपासत होते. थीमची फंक्शन्स फाइल उघडली, पहिली ओळ वाचली, स्वच्छ. दुसरी स्वच्छ. खालच्या आडव्या पट्टीवर नजर गेली, तर ती नखाएवढी बारीक झाली होती. म्हणजे कुठली तरी ओळ उजवीकडे फार लांब गेलीय. सरकवत गेले. पहिल्याच ओळीच्या शेवटी काही शे रिकाम्या जागा, आणि त्यांच्या पलीकडे, पडद्याच्या बाहेर, अर्थहीन दिसणारी अक्षरांची माळ आणि तिच्या आधी इव्हॅल हा शब्द. इव्हॅल म्हणजे पीएचपीला सांगणं की हा मजकूर हुकूम म्हणून चालव. ती माळ उलगडली तेव्हा गूगलवरून येणाऱ्यांना ढकलणारा कोड निघाला. आणखी एक. सदस्यांच्या यादीवर 'सर्व ४' असं लिहिलेलं होतं आणि खाली नावं तीनच. चौथा प्रशासक यादीतून लपवलेला होता. त्यामुळे सदस्य मोजताना पडद्यावरची यादी बघू नका, डेटाबेसच्या तक्त्यात जाऊन मोजा.

अपलोड्स फोल्डरमध्ये चित्रं आणि पीडीएफ असतात, तिथे पीएचपी फाइलचं काम नाही. काही प्लगिन तिथे रिकामी इंडेक्स फाइल ठेवतात, तेवढा अपवाद, पण तीही उघडून खरंच रिकामी आहे का बघा. वेळापत्रकावर चालणारी कामं बघा, सर्व्हरची आणि वर्डप्रेसची दोन्ही. ठरावीक दिवसांनी परत येणारा कोड तिथे दडलेला सापडतो. गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइटच्या मालकांसाठीची गूगलची सोय) अनोळखी मालक जोडला गेलाय का तेही पाहा, कारण घुसखोर पडताळणीची फाइल तुमच्या साइटवर टाकून स्वतःला मालक करून घेतात.

लॉगमध्ये काय शोधायचं? बदललेल्या फाइलीची वेळ घ्या आणि त्या मिनिटाच्या आसपासच्या ओळी वाचा. फाइलीची वेळ खोटी करता येते, त्यामुळे एका फाइलीवर विसंबू नका. बाहेरून एखाद्या प्लगिनच्या फाइलकडे मजकूर पाठवलेला दिसेल आणि काही सेकंदांत अपलोड्समधल्या नव्या फाइलचा पत्ता उघडलेला दिसेल. ते पहिलं प्लगिन म्हणजे तुमचं भोक. ते सापडेपर्यंत सफाई पूर्ण झाली असं कुणी म्हणालं तरी मानू नका.

पासवर्ड सगळ्यात शेवटी बदला. आधी बदलले तर आत बसलेला कोड नवेही वाचतो. आणि फक्त लॉग-इनचे नाही: डेटाबेसचा, होस्टिंगच्या पॅनेलचा, एफटीपीचा (सर्व्हरवर फाइली चढवायची सोय), शिवाय वर्डप्रेसच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या. किल्ल्या बदलल्या की आधी लॉग-इन होऊन बसलेले सगळे बाहेर फेकले जातात. ही नेहमी राहून जाणारी पायरी आहे.

साइट परत चालू करताना चार गोष्टी मुलाकडून करून घ्या. वर्डप्रेसमधून फाइल संपादित करण्याची सोय कॉन्फिगमध्ये एका ओळीने बंद होते, ती बंद करा. अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही असं सर्व्हरला सांगा. टिमथंबसारखी खोट असली तरी आणलेली फाइल चालतच नाही अशा जागी पडली तर निरुपद्रवी ठरते, म्हणून हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. न वापरलेली प्लगिन निष्क्रिय करून ठेवू नका, काढून टाका. निष्क्रिय प्लगिनच्या फाइली सर्व्हरवरच असतात आणि थेट पत्त्याने उघडता येतात. आणि रोज पुस्तकांची माहिती भरणाऱ्या सहकाऱ्यांना प्रशासक किंवा संपादक न करता लेखक ही भूमिका द्या. वर्डप्रेस प्रशासक आणि संपादकांना मजकुरात स्क्रिप्टसुद्धा घालू देतं, लेखकाला नाही.

मुलावर फार रागावू नका. त्याला साइट करायचे पैसे मिळाले, ती सांभाळायचे कुणी ठरवलेच नव्हते. तुम्ही पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीचा करार करता, तसा देखभालीचा वार्षिक करार करा आणि त्यात लिहा की अपडेट कोण बसवणार, किती तासांत, बॅकअप कुठे राहणार आणि तो परत उभा करून कधी दाखवणार. बॅकअप त्याच सर्व्हरवर नको.

आता त्या दिवाळी अंकाच्या साइटकडे. जुने अंक वाचकांना उपलब्ध राहावेत ही तुमची इच्छा रास्त आहे, त्यासाठी वर्डप्रेस जिवंत ठेवायची गरज नाही. पानं साध्या एचटीएमएलमध्ये उतरवून घेतली की मागे पीएचपीही नाही आणि डेटाबेसही नाही. वाचकाला फरक कळणार नाही. पण ते नंतर. आधी त्या फोल्डरची प्रत काढा, मग त्याचं नाव बदला म्हणजे बाहेरून उघडता येणार नाही, आणि त्यातल्या प्लगिनची यादी आवृत्तीच्या आकड्यांसह मला पाठवा. लॉग हातात आले की त्या यादीशी ताडून कुठून आत आले ते सांगते.